खेपा

गंगाखेडला गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. ती गंगा. ‘गंगेवर जाऊन येते’ म्हटलं की समजायचं, घाटावर. गावाच्या नावातही तीच. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंधारातच उठून डोईवर दोन घागरी घेऊन गंगेवर जायच्या. परत आल्यावर घागर उतरवताना त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, “एक खेप झाली.” त्यांचा दिवस घड्याळावर चालत नसे, खेपांवर चालायचा. पाण्याच्या खेपा, सरपणाच्या खेपा, शेतातून कडब्याच्या खेपा. मला तो शब्द ओझ्याचा वाटायचा. मान अवघडलेली, पदर भिजलेला आणि पुढची खेप अजून उरलेली.

या शब्दात आणखी काय काय भरलेलं आहे, ते मला २०१६ च्या उन्हाळ्यात कळलं. बुलबुलाच्या एका जोडीनं ते कळवलं.

तो उन्हाळा मराठवाड्यात कुणी विसरायचं नाही. लागोपाठ दोन पावसाळे हातचे गेले होते. गंगेच्या पात्रात वाळू आणि मधूनमधून हिरवट डबकी, एवढंच उरलं होतं. एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्या घरात पाणी तीनदा वापरलं जायचं. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची आणि ते पाणी मधुमालतीच्या बुडाशी ओतायचं. हा वेल पूर्वेच्या खिडकीवर चढवलेला. त्या खिडकीपाशीच आत्याबाईंची खाट होती.

त्याच वर्षी शिवरात्रीच्या सुमारास त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं. तोंड थोडं वाकडं झालं, शब्द ओठांच्या कोपऱ्यातून ओघळल्यासारखे येऊ लागले. जन्मभर पायाला भिंगरी लावून फिरलेली ही बाई आता खिडकीच्या चौकटीएवढ्या जगात येऊन पडली. पेज, मऊ भात, ताकात कुस्करलेली भाकरी मी त्यांना चमच्यानं भरवायची. त्यांना याचा फार संकोच वाटे. घास समोर आला की त्या आधी डोळे मिटत आणि मगच तोंड उघडत.

त्यांची वेणीही मीच घालायची. विंचरून निघालेलं गुंतवळ फेकायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. केसांवर सुया-बिबे देणारी बाई गल्लीत येई, तिच्यासाठी ते गुंडाळून खिडकीच्या गजाला अडकवून ठेवायचं. ती बाई गल्लीत यायची कधीच थांबली होती. सवय राहिली होती. पांढऱ्या केसांचा एक गोळा गजाला कायम असे.

पाडवा होऊन दोन-चार दिवस झाले असतील. सकाळी मी पेज घेऊन गेले तर आत्याबाईंनी डावा हात वर करून मला दारातच थांबवलं. “थांब. ती घर बांधायली.”

मधुमालतीच्या दोन फांद्या जिथं एकमेकींत गुंतल्या होत्या, तिथं लालबुड्या बुलबुल बसला होता. काळं डोकं, त्यावर काळीच शेंडी, शेपटीच्या मुळाशी कुंकवाच्या बोटासारखा लाल डाग. चोचीत वाळलेला ताणा. बुलबुलांत नर कुठला आणि मादी कुठली हे पाहून कळत नाही, दोघं एकसारखी. जुन्या वेलाचे ताणे आले, गवताची पातं आली, शेजारच्या बांधकामावरच्या सिमेंटच्या गोणीचा पांढरा दोरा आला. कोळ्याची जाळी तर त्यांनी चोचीला गुंडाळून आणली आणि फांदीला चिकटवली. मग एकजण त्या खळग्यात बसे, पंख किंचित पसरून अंग दाबे आणि जागच्या जागी गोल फिरे. पुन्हा दाबे, पुन्हा फिरे. घरट्याला दुसरं माप नव्हतं. पाखराच्या छातीचा घेर तोच वाटीचा घेर.

आत्याबाई हे जिव्हाळ्यानं बघत होत्या. त्यांना पाखरांचं नवल नव्हतं. नवल होतं ते पाखरू पुन्हा घराला लागल्याचं.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. हात-सव्वा हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, सागाच्या तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत माठासारखा गारवा. या घरात माणसं नऊ होती, चिमण्या किती ते कुणी मोजलं नव्हतं. सरांच्या खाचांत, देवळीच्या वरच्या फटीत, ओसरीवर तिरक्या टांगलेल्या विठ्ठल-रुक्मिणीच्या तसबिरीमागं त्यांचे संसार असत. जेवताना ताटात काडी पडली तर कुणी ओरडत नसे. काडी बाजूला ठेवायची आणि घास घ्यायचा. आत्याबाई सुपात ज्वारी घेऊन बसल्या की त्यातले टोके नि अळ्या टिपायला चिमण्या थेट सुपाच्या काठापर्यंत येत. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पोटच्या पिलाला सुरुवातीला दाणा भरवत नाही. त्याच्यासाठी किडे-अळ्यांचं मऊ खाणं हुडकून आणते. हे मी पुढं पुस्तकात वाचलं. आत्याबाईंना ते सुपावरूनच ठाऊक होतं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली आणि मराठवाड्याचं घराशी असलेलं नातंच बदललं. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं झोपेत गाडली गेली. तिथली घरं आमच्या घरासारखीच होती. दगड, माती आणि डोक्यावर मणामणांचं छप्पर. आमच्याकडे भिंतीला एक तडा गेला होता, तेवढाच. पण त्यानंतर कितीतरी महिने घरातली मुलं अंगणात झोपत होती. रात्री किलचणीतून चिमटीभर माती गळली तरी मोठी माणसं दचकून उठत. तीन वर्षांनी आम्ही माळवद उतरवलं आणि स्लॅबचं घर बांधलं. तो निर्णय बरोबरच होता. आजही मी तोच घेईन.

पण नव्या घराच्या पहिल्या चैत्रात चिमणा-चिमणी आली. चोचीत काडी घेऊन ती गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंतीला धडकायची, पंख फडफडवत जागच्या जागी लोंबकळायची, खाली यायची आणि पुन्हा वर जायची. काडी ठेवायला कुठं कोपरा नव्हता. तीन दिवस ती येत राहिली. चौथ्या दिवशी आली नाही. आत्याबाई त्या दिवशी नुसत्या म्हणाल्या, “घर पक्कं झालं बाई. फटच ऱ्हायली नाही.” पुढं २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिवस म्हणून पाळला जाऊ लागला, लाकडी खोपे मिळू लागले, आम्हीही एक दारावर टांगला. त्यात अजून कुणी उतरलेलं नाही.

म्हणून त्या सकाळी “ती घर बांधायली” हे त्यांचे शब्द मला एखाद्या सांगाव्यासारखे वाटले. तब्बल वीस वर्षांनी घराला फट सापडली होती.

अंडी तीन होती. ती मी एकदाच पाहिली. काठीला आरसा बांधून, दोन्ही पाखरं नसताना, चार श्वासांपुरती. गुलाबीसर पांढऱ्या रंगावर तांबूस-जांभळे शिंतोडे. मग चौदा दिवस खिडकीत काहीच घडलं नाही आणि सगळं घडत होतं. पारा ४३ च्या खाली येत नव्हता. उबवायला बसलेलं पाखरू दुपारी चोच उघडून धापा टाकायचं. ऊन तिरकं होऊन घरट्यात शिरलं की ते उठून काठावर उभं राहायचं, दोन्ही पंख थोडे पसरायचं आणि अंड्यांवर सावली धरायचं. एवढ्या उन्हात अंड्यांना ऊब कमी पडायची भीती नव्हती. त्यांना वाचवायचं होतं उन्हापासूनच. मी खाली मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवायची. टँकरच्या रांगेत मिळालेल्या पाण्यातून वाटीभर पाखरांना काढताना आधी हात आखडायचा. पण आत्याबाई आधी पाखरांचं पाणी ठेवल्याची खात्री करून घ्यायच्या आणि मगच स्वतःसाठी मागायच्या.

मे महिन्याच्या पहिल्या दिवसांत पिलं बाहेर आली. आंधळी, उघडी, बोटाच्या पेराएवढी. शरीर नावापुरतंच, जे होतं ते तोंड. फांदी हलली की तीन माना ताठ व्हायच्या आणि तीन लाल तोंडं उघडायची. मग सुरू झाल्या खेपा.

आत्याबाईंनी मला तुरीचे दाणे मागितले. एक वाटी भरलेली आणि एक रिकामी, दोन्ही डाव्या हाताशी ठेवायला लावल्या. पाखरू घास घेऊन आलं की एक दाणा भरल्या वाटीतून रिकाम्या वाटीत. डॉक्टरांनी हाताचा व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबायला सांगितला होता, तो त्यांनी कधी मनापासून दाबला नव्हता. हे मात्र त्या सूर्य उगवल्यापासून करत बसायच्या. सकाळी सात ते आठ या एका तासात एकोणीस दाणे पडले. जेवणवेळेपर्यंत शंभराच्या वर. सुरुवातीला हिरव्या मऊ अळ्या यायच्या. चार-पाच दिवसांनी पाय तोडलेले नाकतोडे, मग उंबराच्या फळाचे लालसर तुकडे. एकाला घास मिळाला की पाखरू क्षणभर थांबायचं. पिलू मागचा भाग वर करायचं, पांढऱ्या पातळ पिशवीत बांधलेली विष्ठा बाहेर टाकायचं आणि पाखरू ती चोचीत धरून लांब नेऊन टाकायचं. घास घेऊन यायचं, घाण घेऊन जायचं. एकही खेप रिकामी नाही. ते पाहून आत्याबाई माझ्याकडे बघायच्या आणि मी दुसरीकडे बघायची. माझ्याही दिवसभराच्या खेपा अशाच होत्या आणि आम्हा दोघींना ते ठाऊक होतं.

असं बसून मोजणं हे रिकामपणाचं काम नाही. सालिम अली १९३० मध्ये जर्मनीतून परतले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी उरली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला घरच्या बंगलीत राहायला गेले आणि समोरच्या झाडावर लटकलेल्या सुगरणीच्या खोप्यांकडं दिवसचे दिवस बघत बसले. त्या बघण्यातून कळलं की खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन आत शिरून तो तपासते. पसंत पडला तर संसार मांडते. मग तो खोपा पुरा करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरा विणायला घेतो. आमच्या गंगाथडीला विहिरींवरच्या बाभळींना हे खोपे पावसाळ्यात लटकलेले असतात, उसाच्या पानांच्या दोऱ्यांनी विणलेले. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्या विणकऱ्याला सुगरण म्हणत आलो. सालिम अलींपाशी तेव्हा नोकरी नव्हती, वेळ होता. आत्याबाईंपाशीही आता फक्त वेळ होता. त्या वेळाचं काय करायचं, हे दोघांनाही पाखरांनी सुचवलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजून हात थरथरतो.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवसाची गोष्ट. पिलं आठवड्याची झाली होती. पंखांच्या नळ्या फुटून पिसं दिसू लागली होती. मधुमालतीची चार-पाच पानं घरट्यावर झुकली होती, त्यामुळं आत्याबाईंना पडल्या पडल्या पिलांची नुसती डोकी दिसायची. त्यांना नीट दिसावं म्हणून मी गजातून हात घालून ती पानं खुडली. त्यांचा चेहरा उजळला. दुपारी स्वयंपाकघरात असताना बुलबुलांचा कलकलाट ऐकू आला. तसा तो मांजर दिसल्यावर व्हायचा, पण हा थांबेना. मी धावले. वेलावर भारद्वाज बसला होता. काळं अंग, तांबडे पंख, लाल डोळे. सकाळी दिसला तर दिवस चांगला जातो म्हणून ज्याला आम्ही हात जोडतो तोच. त्याच्या चोचीत पिलू होतं. बुलबुलांची जोडी त्याच्या डोक्यावर झेपा घेत होती. तो जड अंगानं शेजारच्या लिंबात शिरला आणि दिसेनासा झाला.

पानं मी खुडली होती. ती सावली होती, तोच आडोसा होता, आणि तो मी आमच्या बघण्यासाठी काढून टाकला होता. मी रडत होते. आत्याबाई बराच वेळ लिंबाकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, “त्याच्या घरी बी तोंडं असतील.” थोड्या वेळानं पुन्हा, “झाक ते. साडीचा तुकडा लाव.” मी जुन्या सुती साडीचा हिरवा तुकडा बाहेरून वेलावर बांधला. बुलबुलं दिवेलागणीपर्यंत जवळ आली नाहीत. मग एकजण आलं. चोचीत अळी होती. दोन माना वर झाल्या. आत्याबाईंनी अंधारात चाचपडत एक दाणा उचलला आणि वाटीत टाकला. तो पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेला करा मांडला. पाण्याला महाग झालेल्या त्या वर्षी काठोकाठ भरलेला तो करा बघून जीव भरून येत होता. संध्याकाळी आत्याबाई काहीतरी पुटपुटत होत्या. कान दिल्यावर कळलं, जनाबाईंचा अभंग. पाखरू दूरदेशी जाऊन पिलांसाठी चारा आणतं, घार आभाळात फिरत असली तरी तिची झेप पिलांकडंच असते, कामात गुंतलेल्या आईचं चित्त बाळापाशी असतं, असं सांगणारा. आमच्या गावात तो कुणाला शिकवावा लागत नाही. जनाबाई गंगाखेडच्या. दामा आणि करुंड यांची लेक, लहानपणीच पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि तिथं दासी म्हणून दळण-कांडण, पाणी-शेणी करत वाढली. पक्ष्यांवर जन्मभर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींनी आपल्या एका पुस्तकाचं नाव याच अभंगातून घेतलं आहे.

मी म्हटलं, “आत्याबाई, तुम्ही जन्मभर त्या पक्षिणीसारख्याच राबलात.”

त्यांनी डावा हात नकारार्थी हलवला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. “मी बी तसंच समजायची. जातं वढताना म्हणायची, तव्हा वाटायचं, मीच पक्षीण. आता खाटंवर पडल्यावर कळलं. जनी पक्षीण नाही. जनी पिलू हाय. इठ्ठल चारा आणायलाय आन्‌ जनी तोंड उघडून बसलीय.”

हा अभंग मी शेकडो वेळा ऐकला होता आणि प्रत्येक वेळी आणणाऱ्याच्या बाजूनं. आईचं प्रेम, आईचे कष्ट, आईची ओढ. शेवटच्या ओळीत जनाबाई स्वतःला कुठं बसवतात, इकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी दळलं, पाणी वाहिलं, जिच्या नशिबी खेपाच खेपा होत्या, ती पाखरांकडं बघताना स्वतःला घरट्यात पाहते. कुणीतरी आपल्यासाठी येत आहे, या भरवशावर मान वर करून बसलेली. राबणाऱ्या माणसाला ही जागा मिळत नाही. मिळाली तर घ्यायला जड जाते. आत्याबाईंना दोन महिने ती जड जात होती. घास समोर आला की मिटणारे त्यांचे डोळे मला तेव्हा उमगले.

त्या रात्री मी मऊ भाताचा चमचा पुढं केला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडं सरळ बघत तोंड उघडलं.

चार दिवसांनी पिलं उडाली. उडाली म्हणण्यापेक्षा पडली म्हणावं. एक घरट्याच्या काठावर चढलं, तोल गेला, पंख फडफडले आणि ते खालच्या जास्वंदीत जाऊन बसलं. दुसरं दुपारी गेलं. शेपट्या अजून अपुऱ्या, तोंडाच्या कडा पिवळ्या. घरटं रिकामं झालं आणि मला वाटलं, संपलं. आत्याबाईंनी वाट्या उचलू दिल्या नाहीत. “बघ की,” म्हणाल्या. मी बाहेर जाऊन पाहिलं तर जास्वंदीत एक पिलू पंख थरथरवत ओरडत होतं आणि बुलबुल अळी घेऊन घरट्याकडं न जाता थेट त्याच्याकडं जात होता. पुढचे कितीतरी दिवस पिलं अंगणभर, मग गल्लीभर हिंडत राहिली, आणि ती जिथं असतील तिथं घास पोचत राहिला.

मला माळवद उतरवल्याचं दुःख आहे आणि त्या दुःखात मी घराला फार मोठं करून ठेवलं होतं. पाखरांना घर नसतं. घरटं ही तर थोड्याच दिवसांची जागा, वारा आला की जाणारी. पाखरांना असतात त्या खेपा. कुणासाठी तरी जाणं आणि भरल्या चोचीनं परत येणं. जिथं अशा खेपा चालू आहेत तिथं त्यांचं घर, मग ते तसबिरीमागं असो, वेलावर असो किंवा जास्वंदीच्या एका काडीवर.

दोन वर्षांनी हेच मला छतावर पुन्हा दिसलं. वरच्या खोलीच्या बांधकामासाठी आणलेली खडी स्लॅबवर पसरून पडली होती. टिटवीनं त्या खडीत चार अंडी घातली, खडीच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसू नयेत अशी. मेचं ऊन आणि खाली तापलेला स्लॅब. टिटवी मधूनच उडून जायची आणि पोटाची पिसं भिजवून परत यायची. ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. ती पाणी वाहत होती. चोचीत नव्हे, घागरीत नव्हे, पोटाच्या पिसांत. आम्ही त्या वर्षी वरती कुरडया-पापड्यांचं वाळवण घातलं नाही. मी फक्त जिन्याच्या तोंडाशी पाण्याची परात भरून ठेवायची. आत्याबाईंना वर येणं शक्य नव्हतं. रोज रात्री त्या विचारायच्या, “भिजवायली का अजून?” जवळजवळ महिना झाल्यावर पिलं निघाली आणि दुसऱ्याच दिवशी, खालून आई-बाप ओरडून बोलावत असताना, कापसाच्या बोंडासारखी हलकी ती पिलं एकामागून एक स्लॅबवरून खालच्या वाळूत उतरली आणि धावू लागली. टिटवीच्या पिलाला घास भरवावा लागत नाही; ते पहिल्या दिवसापासून स्वतः टिपून खातं. तिच्या सगळ्या खेपा अंडं फुटायच्या आधीच झालेल्या असतात. हे मी सांगितलं तेव्हा आत्याबाई अंधारात हसल्या. “पाण्याच्या खेपा,” म्हणाल्या. एवढंच.

बुलबुलांचं ते घरटं २०१६ च्या मृगाच्या पहिल्या वाऱ्यात खाली आलं होतं. पाऊस त्या वर्षी थोडा उशिराच आला. मी ते उचलून आत्याबाईंच्या डाव्या तळव्यावर ठेवलं. ओंजळीत मावेल एवढी ती वाटी. त्यांनी अंगठ्यानं ती चाचपली, बाहेरचा खरखरीत ताणा, सिमेंटच्या गोणीचा दोरा, मग आतलं अस्तर. तिथं त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी मला जवळ बोलावलं. मुळ्यांच्या बारीक तंतूंमध्ये, गोल गोल फिरवून बसवलेले, पांढरे केस होते. लांब, मऊ. पिलांच्या उघड्या अंगाला जे पहिल्यांदा लागलं असेल ते.

“माझं गुंतवळ हाय की हे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या वाकड्या ओठांवर जे आलं ते मी जन्मभर विसरणार नाही. दोन महिने ती बाई खाटेवर पडून दुसऱ्यांच्या खेपा मोजत होती आणि तिला वाटत होतं की आपल्या हातून आता काही होत नाही.

मग त्यांनी मला फणी आणायला सांगितली. केस विंचरायला लावले. निघालेलं गुंतवळ स्वतःच्या डाव्या बोटांवर गुंडाळलं, त्याला बराच वेळ लागला, आणि माझ्या हाती देऊन म्हणाल्या, “गजाला लाव. फुडच्या साली लागंल कुणाला तरी.”

आत्याबाई २०१९ मध्ये गेल्या. खाट काढली, खिडकी तीच आहे. वेल वाढू दिला आहे. त्याची पानं आता मी कुणासाठीही खुडत नाही. कधी बुलबुल येतो, कधी नुसताच बघून जातो. एका वर्षी परसातल्या वांग्याचं पान शिंपी पाखरानं शिवलं, तेही मी वातींसाठी वाळत ठेवलेल्या कापसानं. पानाच्या कडेला भोक पाडून कापसाचा तंतू ओढायचा आणि बाहेरून त्याचं टोक असं फुलवायचं की तो मागं सरकू नये. गाठ मारायची गरजच नाही. इथल्या काळ्या मातीतला कापूस जगभर गेला असेल, पण एवढ्या बारीक कामाला तो क्वचितच लागला असेल.

माझे केस आता पांढरे होत आले आहेत. वेणी घातल्यावर गुंतवळ मी बोटावर गुंडाळते आणि गजाला अडकवते. परवा पाडवा झाला. आज सकाळी चहा घेऊन खिडकीपाशी आले तर त्या गोळ्याचा एक धागा सुटून वाऱ्यावर हलत होता आणि गोळा कालच्यापेक्षा लहान झाला होता. वेलात कुठं काही दिसलं नाही. मी शोधलंही नाही.

एक खेप झाली होती.